दुसऱ्या ताटातली दूर्वा

"जयंतीताई, सांगा. ताटात काय काय होतं?" चित्तप्रकाश महाराजांनी विचारलं.

जयंतीकाकूंनी डोळे मिटले. नाहूरच्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या होत्या, जिन्यावर माणसं होती, खिडकीच्या गजांना धरून बाहेरचे लोक आत डोकावत होते. हाताहातांत मोबाइल वर झाले होते. त्यात माझ्या नवऱ्याचाही, हर्षदचाही होता.

"किल्ली… लिंबू…" काकू अडखळल्या. "मोजा होता. एक… चमचा?"

"आणखी?"

काकूंनी मान हलवली. बिचाऱ्या ओशाळल्या. शेजारच्या टेबलावर पितळी ताट होतं, त्यावर लाल फडकं. ते फडकं क्षणभर वर करून पुन्हा झाकलं होतं. महाराजांच्या नंदू नावाच्या सेवकानं आता ते पूर्ण काढलं. आत बॅटरीचा सेल होता, खडू होता, सेफ्टी पिन, बाटलीचं बूच, फुटकी बांगडी, बरंच काही. काकूंना त्यातलं अर्धंही आठवलं नव्हतं.

"बीपीची गोळी घेता?" महाराजांनी मऊ आवाजात विचारलं.

"घेते ना. कधीपासून."

"झालं!" महाराज लोकांकडे वळले. "ऐकलंत?"

चित्तप्रकाश महाराजांना जटा नव्हत्या, भगवं वस्त्र नव्हतं. पांढरा कडक कुर्ता, बिनफ्रेमचा चष्मा आणि गालापर्यंत आलेला माइक. बोलणं अर्धं प्रवचन, अर्धं मोबाइल कंपनीचं. "स्मृती म्हणजे आत्म्याचा डेटा. तो साठतो रक्तात. डॉक्टर काय करतात? रक्ताचा दाब काढून घेतात! दाब गेला की डेटा मेंदूपर्यंत चढणार कसा? चौथ्या मजल्यावर पाणी चढतं का दाबाशिवाय?"

आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर खरंच पाणी चढत नाही. लोक हसले, आणि हसता हसता त्यांना पटलंही.

"आणि ती पाण्याची गोळी! सारखं बाथरूमला जायला लावते ती. अहो, पाण्याबरोबर काय काय वाहून जातं, कधी विचार केलात? मुलांची नावं, लग्नाच्या तारखा, देवाची स्तोत्रं. सगळं गटारात!"

मग त्यांनी काकूंच्या जिभेवर 'स्मृतिबिंदू'चे थेंब सोडले, डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला लावला आणि दुसरं ताट मागवलं. "तेच ताट परत दाखवलं तर तुम्ही म्हणाल, महाराजांनी लबाडी केली. म्हणून नवं ताट. नव्या वस्तू. लबाडी नको."

फडकं वर झालं, खाली पडलं. काकू घडाघडा बोलू लागल्या. "नारळ, सुपारी, विड्याची पानं, हळद, कुंकू, कापूर, उदबत्ती, निरांजन, घंटा, फुलं…"

नंदूनं फडकं काढलं. सगळं बरोबर. हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. जयंतीकाकू खुर्चीतच रडायला लागल्या.

मी मुलुंडच्या एका मराठी शाळेत शिकवते. मुलं उत्तर पाठ करून आली आहेत की समजून, हे त्यांच्या पहिल्या वाक्यावरून मला कळतं. काकू खरं बोलत होत्या, याची मला खात्री होती. तरीही काहीतरी चुकत होतं. काय, ते सापडत नव्हतं.

तेवढ्यात माझे सासरे उठले.

"मी बसतंय," आबा म्हणाले.

आबांचं नाव धाकू. मूळचे देवगडकडचे. गिरणी बंद पडल्यावर सांताक्रूझला विमानतळावर सामान चढवण्याचं काम केलं, त्यात संसार केला, पण नाव झालं ते भजनात. नाहूर-भांडुपच्या डबलबारीत, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यात, समोरच्या बुवांनी कुठलाही अभंग काढला की आबा त्याला तोडीस तोड काढायचे, तेही वही न बघता. गेल्या काही महिन्यांत मात्र त्यांना शब्द सापडेनासे झाले होते. भांडुपला ऐन रंगात आलेल्या बारीत दुसऱ्या कडव्यावर ते थांबले, ते थांबलेच. पेटीवाला तीच सुरावट वाजवत राहिला. समोरचे बुवा भला माणूस म्हणून त्यांनीच पुढची ओळ उचलली. घरी आल्यावर आबा जेवले नाहीत.

"डोक्यात धुका भरला हा," एवढंच सासूबाईंना म्हणाले.

नेहमीच्या डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, "वय झालं आता." हर्षदही तेच म्हणाला. ज्या माणसाच्या गळ्यात शेकडो अभंग आहेत त्याला वय झालं म्हणून सांगणं सोपं असतं. ऐकणाऱ्याला ते सोपं नसतं. आबांना कारण हवं होतं. ते महाराजांनी दिलं: बीपीची गोळी.

आबांनाही पहिलं ताट आठवलं नाही आणि दुसरं मात्र साधलं. थेंब घेतल्यावर ते पेटीवर बोटं फिरवावी तसे बोलले. "नारळ, पानं, सुपारी, हळद, पिंजर, कापूर, निरांजन, दूर्वा, फुलां, घंटा…"

टाळ्या पडल्या. आबांनी हॉलकडे बघून हात जोडले. भांडुपनंतर पहिल्यांदाच त्यांचा चेहरा असा उजळला होता.

मी मात्र त्या ताटाकडे बघत होते. नारळ होता, पानं होती. दूर्वा कुठे होती? मी पुढे सरून नीट पाहिलं. दूर्वा नव्हतीच.

"महाराज, दूर्वा नाहीये ताटात," मी म्हणाले.

"भक्ताला ताटाच्याही पलीकडचं दिसलं!" महाराज तत्काळ म्हणाले, आणि पुन्हा टाळ्या पडल्या.

नंदूनं ताट उचलून आत नेलं. जरा घाईनंच.

घरी आल्यावर आबांनी बीपीच्या सगळ्या गोळ्या बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात टाकल्या, डबा माळ्यावर ठेवायला लावला आणि स्मृतिबिंदूची बाटली देव्हाऱ्यात ठेवली. ती बाटली विकत घ्यायची नसते, 'स्वीकारायची' असते. हर्षदनं भरपूर स्वीकारल्या होत्या.

"आबा, असं एकदम सोडू नका," मी म्हणाले. "निदान डॉक्टरांना विचारूया."

"त्यांका विचारलय तेव्हा काय म्हणाले? वय झाला!" आबा उसळले. "तू गप रव गे. माका बरा होताला."

"कल्पिता, तुझं प्रत्येक गोष्टीत असंच असतं," हर्षद म्हणाला. "डोळ्यांनी बघितलंस ना? काकू काय महाराजांच्या नातेवाईक आहेत का यार?"

नव्हत्या, हीच तर अडचण होती.

आणि खरंच आबा बरे झाले. हे मी लपवणार नाही. चार दिवसांतच त्यांची मरगळ गेली. खुर्चीतून उठताना भिंतीचा आधार घ्यायचे, तो सुटला. दुपारी पेंगत बसायचे, ते आता नातीला पकडून गौळण शिकवू लागले. अडलेली कडवी परत आली. सासूबाई देवापुढे साखर ठेवू लागल्या. हर्षद 'बघितलंस?' अशा नजरेनं माझ्याकडे बघायचा.

मला झोप लागेना. महाराज लबाड होते याबद्दल मला संशय नव्हता. पण लबाडाच्या पाण्यानं माणूस बरा का होतोय? माझा संशय चुकीचा असेल तर मी एका म्हाताऱ्या माणसाच्या आनंदाच्या आड येत होते. बरोबर असेल तर हा आनंद कशावर उभा होता?

"आबा, एकदा बीपी तरी मोजूया," मी म्हटलं.

"मशीन दाब मोजत नाय, भीती मोजता. महाराजांनी सांगलानी."

शाळेत एका मोकळ्या तासाला मी दोन ताटं भरली. एकात लिंबू, किल्ली, मोजा, खडू असलं कशाचा कशाला पत्ता नसलेलं. दुसऱ्यात पूजेचं साहित्य. सातवीच्या मुलांना पहिलं दाखवलं. वर्गातल्या हुशार मुलीही अर्ध्यावर थांबल्या. मग प्रत्येकाला आपापल्या बाटलीतलं पाणी प्यायला लावलं आणि दुसरं दाखवलं. सगळ्यांचे हात वर! एकानं नारळ म्हटलं की दुसऱ्याला पान आठवत होतं. आणि तीन मुलं ठामपणे म्हणाली, "बाई, दूर्वा होती."

"नव्हती."

"होती बाई! पूजेला असतेच की!"

असतेच की! आबांनी ताट आठवलं नव्हतं, पूजा आठवली होती. पहिल्या ताटातल्या वस्तूंना एकमेकींशी बांधणारा धागा नव्हता. दुसऱ्या ताटाचा धागा आम्ही लहानपणापासून ओळखतो. 'नव्या वस्तू, लबाडी नको' हीच सगळ्यात मोठी लबाडी होती.

हे घरी जाऊन सांगायचं होतं. शाळेच्या फाटकातून बाहेर पडले तेवढ्यात हर्षदचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता.

"आबांचं तोंड वाकडं झालंय. ये लवकर."

भजनी मंडळाची तालीम चालू होती. आबांनी नवा गजर सुरू केला आणि हातातला टाळ खाली पडला. उचलायला गेले तर उजव्या हाताची बोटं मिटेनात. काहीतरी सांगायला लागले, पण शब्दांचा लगदा बाहेर पडला. मंडळातल्या पोरांनी रिक्षा न शोधता एकाची गाडी काढली आणि त्यांना थेट हॉस्पिटलात नेलं. त्या शहाणपणामुळे पुढचं बरंच वाचलं.

डॉक्टर ऋता म्हणून मेंदूविकारतज्ज्ञ होत्या. बोलायला सरळ, चेहऱ्यावर थकवा. तातडीचे उपचार करून त्या बाहेर आल्या. "मेंदूतल्या एका छोट्या रक्तवाहिनीत अडथळा आला होता. आले तेव्हा दाब भयंकर वाढलेला होता. गोळ्या कोणत्या चालू आहेत?"

हर्षदनं आईकडे पाहिलं. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "सोडलेत. गोळयेनी इसरूक होता म्हणान."

मला वाटलं डॉक्टर आता ओरडणार. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी सासूबाईंना बाकावर बसवलं आणि विचारलं, "विसरायला होत होतं? कधीपासून?"

हा प्रश्न आजवर कोणी विचारलाच नव्हता.

सासूबाई आठवू लागल्या. मे महिन्यात गावी गेले होते. आबा गोळ्या मुंबईतच विसरले. तिथे दाब वाढला, तिथल्या डॉक्टरांनी गोळी दिली. परत आल्यावर? परत आल्यावर इथलीही चालू झाली आणि गावचीही राहिली.

"दोन्ही घेत होते? मला त्या गोळ्या आणून दाखवा."

हर्षद धावत जाऊन माळ्यावरचा डबा घेऊन आला. डॉक्टरांनी पाकिटं हातात घेतली, उलटीपालटी केली आणि आमच्यापुढे धरली. "नावं वेगळी आहेत, कंपन्या वेगळ्या आहेत. आतलं औषध एकच आहे. तुमचे बाबा दुप्पट डोस घेत होते."

"म्हणजे?" हर्षदनं विचारलं.

"म्हणजे दाब गरजेपेक्षा खाली जात होता. उभं राहिलं की भोवळ, दिवसभर झापड, शब्द न सुचणं. त्यांची तक्रार अगदी खरी होती. कोणीतरी नीट ऐकून ह्या गोळ्या पाहिल्या असत्या तर एक बंद करून काम झालं असतं. त्यांनी दोन्ही सोडल्या. झापड गेली, डोकं मोकळं झालं."

"आणि महाराजांना श्रेय मिळालं," मी म्हणाले.

"कोण महाराज?"

मी सांगितलं. त्या ऐकत गेल्या आणि त्यांचा जबडा आवळत गेला.

"ही गोळी एकाएकी सोडली की दाब उसळी मारतो," त्या म्हणाल्या. "मोकळं डोकं दिसलं, वाढणारा दाब दिसला नाही. तो दिसतच नाही, दुखत नाही, म्हणून तर घात करतो."

"मग बीपीच्या गोळीनं स्मरणशक्ती जाते की नाही?" हर्षदचा आवाज चिरका झाला होता. "एकदा सांगून टाका ना डॉक्टर."

"एका शब्दात सांगतात ते महाराज. मी डॉक्टर आहे." त्या त्याच्या शेजारी बसल्या. "वर्षानुवर्षं चढलेला दाब मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब करतो. त्यानं विसरभोळेपणा वाढतो. दाब आटोक्यात ठेवला तर बहुतेकांची स्मृती राखायला मदतच होते. पण डोस जास्त झाला, दाब फार उतरला, किंवा एखाद्याला एखादं औषध मानवलं नाही, तर डोकं जड होऊ शकतं. तेव्हा डॉक्टरला सांगायचं. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं. आणि डॉक्टर 'वय झालं' म्हणून वाटेला लावत असेल तर डॉक्टर बदलता येतो."

हर्षद भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

आबांना हॉस्पिटलातून सोडल्यानंतरच्या रविवारी हॉल पुन्हा भरला. मी दोन ताटं घेऊन गेले. डॉक्टर ऋता सुट्टी असूनही आल्या आणि मागे उभ्या राहिल्या. आबा नुकतेच घरी आले होते. येऊ नका म्हटलं तरी हर्षदच्या खांद्याला धरून आले. महाराजांनी त्यांना दारात पाहिलं आणि त्यांचं वाक्य मध्येच तुटलं. पण ते सावरले.

"बघा, आपले धाकूबुवा! प्रारब्धाचा एक झटका आला, पण स्मृतिबिंदूनं प्राण राखले!"

"महाराज," मी पुढे जाऊन म्हणाले, "एकच विनंती आहे. आज ताटं उलटी करा. पूजेचं ताट आधी दाखवा, मग थेंब द्या, मग किल्ली-मोज्याचं दाखवा."

"ताई, हा क्रम शास्त्रानं ठरलेला आहे."

"कोणत्या शास्त्रात मोजा आहे?"

मागून कोणीतरी खुदकन हसलं. महाराजांनी डोळे मिटून स्मित केलं. "ताईंच्या मनात संशय आहे. संशयी मनाजवळ बिंदू काम करत नाही."

"मग मी बाहेर जाते. ताटं तेवढी उलटी करा."

"मी बसते," जयंतीकाकू अचानक म्हणाल्या. "माझा तर विश्वास आहे ना? माझ्या मनात काही संशय नाही. बघूया की, खरं असेल तर महाराजांचीच शोभा वाढेल."

आता नाही कसं म्हणणार? महाराजांनी नंदूकडे पाहिलं. नंदू छताकडे बघत होता.

मी माझं पूजेचं ताट उघडलं, झाकलं. काकूंनी थेंबाशिवायच सगळं घडाघडा सांगितलं, वर दूर्वाही सांगितली. मी ताट उघडून दाखवलं: दूर्वा नव्हती. मग काकूंनी पर्समधली स्वतःची बाटली काढून थेंब घेतले, चांगले सढळ हातानं, आणि दीर्घ श्वास घेतला. मी दुसरं ताट दाखवलं.

"पेन… लसूण…" काकू थांबल्या. "कंगवा? आणि… थांब हं. आणखी थोडे घेते."

आणखी थेंब गेले. कंगव्याच्या पुढे गाडी जाईना. काकूंनी बाटली समोर धरून तिच्याकडे असं पाहिलं की मला त्यांची दया आली.

"काकू, तुमची स्मृती आधीही चांगली होती, आताही आहे," मी मोठ्यानं म्हणाले. "कशाचा कशाशी संबंध नसलेल्या वस्तू कुणालाच आठवत नाहीत. माझ्या वर्गातल्या मुलांनाही नाही आठवल्या. पूजेचं साहित्य सगळ्यांना आठवतं. इतकं, की नसलेली दूर्वाही आठवते. आधी अवघड ताट देऊन तुम्हाला घाबरवलं, मग सोपं ताट देऊन हसवलं. मधले थेंब होते की नव्हते, काही फरक पडत नाही."

"वाट लागली," खिडकीतून आवाज आला.

महाराज उभे राहिले. "मी कुणालाही गोळ्या सोडायला सांगितलेलं नाही. मी फक्त स्मृतीची साधना देतो."

तेव्हा हर्षद पुढे आला. एका हातानं आबांना धरलेलं, दुसऱ्या हातात मोबाइल. त्यानंच मोठ्या अभिमानानं त्या पहिल्या रविवारी सगळं चित्रित केलं होतं, सगळ्या नातेवाइकांना पाठवलं होतं. त्यानं आवाज मोठा करून लावलं. हॉलमध्ये महाराजांचाच मऊ आवाज घुमला: "आजपासून त्या विषाला हात लावायचा नाही. गोळी किंवा बिंदू, एकच निवडा."

हर्षदनं मोबाइल खाली घेतला. "माझ्या बापानं बिंदू निवडला," तो म्हणाला.

नंदू मुकाट्यानं माइकच्या वायरी गुंडाळू लागला. महाराज माइक न काढताच पायऱ्या उतरले. पण लोकांनी त्यांना तसं जाऊ दिलं नाही. पोलीस येईपर्यंत त्यांना ज्यावरून ते प्रवचन द्यायचे त्या सोफ्यावर बसवून ठेवलं, कोणी हात न उगारता. तक्रारीवर पहिली सही जयंतीकाकूंनी केली.

पोलिसांची वाट बघत असताना आबांनी हात वर केला. त्यांना बोलायचं होतं. शब्द एकेक शोधून आणावा लागत होता. ज्या हॉलनं त्यांचं भजन ऐकलं होतं तो हॉल थांबून राहिला.

"माका… इसरूक होया लागला. म्हणान मी भियालंय." त्यांनी श्वास घेतला. "भियालेल्या माणसाक… कोणव फसयता. तुमी भियाव नको. इचारा."

ते बसले. मग डॉक्टर ऋतांनी एवढंच सांगितलं, की ज्यांनी गोळ्या सोडल्या असतील त्यांनी आत्ताच दाब मोजून घ्यावा. खुर्च्यांमधून हात वर होऊ लागले. कितीतरी हात. टाळ्या वाजवणारे तेच हात.

आबांचा हात बराचसा सुधारला. बोलणंही सुधारलं, पण पहिला वेग आला नाही. डबलबारीला आता मंडळ दुसऱ्या बुवाला पुढे बसवतं आणि आबा मागे कोरसात असतात. एकच गोळी घेतात, ठरलेल्या वेळी. झापड येत नाही. दोन गोळ्यांमधली एक वेळेवर काढली असती तर ते आजही पुढे बसले असते.

त्यांना खाली ओढलं ते थेंबांनी, हे खरं. पण थेंबांपर्यंत ते पोचले कसे? खऱ्या त्रासाचं खरं कारण शोधायला कोणी तयार नव्हतं, म्हणून. ती रिकामी जागा महाराजांनी भरली. अशी जागा ते नेहमीच शोधत असतात. तुमच्या घरातलं कोणी म्हणालं की गोळी सुरू झाल्यापासून मला सुचत नाही, तर हसू नका आणि गोळीही टाकू नका. सगळ्या गोळ्या घेऊन डॉक्टरांकडे जा आणि त्यांनी उत्तर देईपर्यंत खुर्ची सोडू नका. आणि कोणी तुमच्यापुढे चमत्काराचं ताट उघडलं, तर नमस्कार करण्याआधी म्हणा, जरा उलटं करून दाखवा.